बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफल : काउंटरपाशी उभं राहून घडण कशी पारखायची?

#१ पाऊलवाट

पेनसिल्व्हेनियात व्हाइटटेल हरणाच्या मोसमासाठी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची आहे. काडतूस ठरलंय, .३०८ विंचेस्टर. जंगल दाट आहे, त्यामुळे बहुतेक नेम १५० यार्डांच्या आतले, क्वचित २००. यादीत चार नावं उरली आहेत : टिक्का टी३एक्स, होवा १५००, रुगर अमेरिकन आणि वापरलेली विंचेस्टर मॉडेल ७०.

यांतली कोणती भारी हा प्रश्न नाही, त्यावर वाचायला भरपूर मिळतं. मला हे हवंय : रॅकवर एकाच मॉडेलच्या दोन रायफली असतील तर नीट जुळलेली कोणती, हे पंधरा-वीस मिनिटांत कसं ओळखायचं? कुठून सुरुवात करायची? कुठला दोष चालवून घेता येतो आणि कुठला दिसल्यावर रायफल परत ठेवायची?

#२ कातारी

पाऊलवाट, तुम्ही प्रश्न बरोबर पकडलाय. चकाकी, लाकडाची नक्षी, बोल्टवरची वेलबुट्टी हे सगळं शेवटी बघा. रायफलीची घडण ठरते ती चार ठिकाणी : बोल्टचे लग (बंद बोल्टला अडवून धरणारे कोंब) रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या चौकटीला) टेकतात तिथे, गोळी नळी सोडते तिथे, लोखंड दस्त्यात बसतं तिथे आणि सिअर (फायरिंग पिन रोखून धरणारा खटका) चापावर अडतो तिथे. या चार जागा नीट असतील तर साधी दिसणारी रायफलही आयुष्यभर साथ देते.

नळी सुरक्षित दिशेला धरा, बोल्ट उघडा, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीनेही तपासा. मग दुकानदाराची परवानगी घेऊन बोल्ट बाहेर काढा.

पुढच्या लगांची मागची बाजू बघा. काडतूस फुटलं की सगळा जोर याच पृष्ठावर येतो, आणि .३०८ चा कमाल दाब ६२,००० पीएसआयपर्यंत असतो. वापरलेल्या रायफलीत दोन्ही लगांच्या मागे घासून चकाकलेला पट्टा दिसायला हवा, तोही साधारण सारख्या रुंदीचा. एकच लग चकाकत असेल आणि दुसऱ्यावर ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) जसंच्या तसं असेल तर जोर एकाच लगावर येतोय. थोडाफार फरक कारखान्याच्या मालात असतोच. एक लग पूर्ण कोरा असेल तर मात्र ती रायफल नको. नव्या रायफलीत हे दिसत नाही. घरी आणल्यावर लगांच्या मागे मार्करची शाई लावा, बोल्ट वीसेक वेळा उघडा-बंद करा आणि शाई कुठे पुसली ते बघा.

नुसत्या बोल्टने हे तपासू नका, कॉक झालेल्या (फायरिंग पिनची स्प्रिंग दाबून तयार असलेल्या) अवस्थेतच तपासा. रेमिंग्टन ७०० सारख्या रचनेत सिअर कॉकिंग पीसला (फायरिंग पिनच्या मागच्या टोकाला) वर ढकलतो, त्याने बोल्टची शेपटी वर उचलली जाते आणि वरचा लग आपल्या बैठकीवरून किंचित सुटतो. बोल्ट बंद आणि कॉक असताना शेपटी अंगठ्याने खाली दाबा. स्पष्ट खाली-वर हालचाल जाणवली तर बोल्टच्या मागच्या भागात गाळा (सैल जागा) जास्त आहे.

पुढची कसोटी लोक विसरतात. बोल्टची मूठ मागे न ओढता, फक्त वर उचला. उचलण्याच्या शेवटच्या टप्प्यात बोल्ट आपोआप थोडा मागे सरकायला हवा. मुठीच्या मुळाचा उतार रिसीव्हरच्या उतारावर चढतो आणि चेंबरमध्ये चिकटलेली केस (काडतुसाचं पितळी कवच) सैल होते. ज्या रायफलींत मूठ बोल्टला ब्रेझिंग करून जोडलेली असते (रेमिंग्टन ७०० त्यातलीच) तिथे ती केसभर मागे जोडली गेली तर हा धक्का कमी मिळतो. रायफल गार आणि रिकामी असताना काहीच कळत नाही, मग गरम चेंबरमध्ये केस अडकते आणि लोक काडतुसाला दोष देतात.

#३ खडकमाळ

कातारी, छान सांगितलंत. एक शंका. बोल्ट पूर्ण मागे ओढला की डगडगतो, त्यावरून लोक रायफल नापास करतात. ते बरोबर आहे का?

#४ कातारी

नाही. उघड्या बोल्टचा गाळा आणि बंद बोल्टचा गाळा या वेगळ्या गोष्टी आहेत. माऊजर ९८ चा बोल्ट मागे ओढल्यावर चांगलाच हलतो, चिखल-धुळीत चालावा म्हणून ती जागा ठेवलेली आहे. बंद झाल्यावर तो कसा बसतो ते बघायचं. टिक्काचा बोल्ट घरंगळत येतो, ते यंत्रकाम उत्तम असल्याचं लक्षण आहे. पण तेवढ्यावरून नळीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

बोल्ट पुढे-मागे करताना एका ठराविक जागी खरखर लागते की सगळीकडे सारखी, हे मात्र पाहा. सगळीकडे सारखी म्हणजे टूलच्या खुणा, त्या वापराने गुळगुळीत होतात. एकाच जागी अडत असेल तर बोल्टवेवर (बोल्ट सरकतो त्या वाटेवर) बर (धातूचा बारीक काटा) राहिलाय, रिसीव्हर उष्णतेच्या प्रक्रियेत वाकलाय किंवा कुठला तरी स्क्रू आत घुसलाय.

आणि मूठ उचलायला जड लागते यावरून घाई करू नका. रुगर अमेरिकनमध्ये तीन लग आहेत, मूठ ७० अंशच फिरते. ९० अंशांत होणारं स्प्रिंग दाबण्याचं काम कमी फेरीत करायचं म्हणजे जोर जास्त लागणारच.

#५ नळीवाला

आता नळी. दुकानात तीन गोष्टी दिसतात.

पहिली क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड. गोळी शेवटची तिथे टेकते. कड एका बाजूला चेपली असेल तर मागून सुटणारा वायू गोळीला एका अंगाने आधी ढकलतो आणि नेम पसरतो. कापूस लावलेली काडी तोंडातून आत घालून बाहेर ओढा, बर असेल तिथे तंतू अडकतात. वापरलेल्या रायफलीत तोंडापाशी क्लीनिंग रॉडने घासलेली जागा शोधा : मागून सफाई न करता तोंडाकडून केली असेल तर आटे (नळीच्या आतले पिळाचे चर) एका बाजूला झिजलेले दिसतात. क्राउन खराब असणं हा मात्र दुरुस्त होणारा दोष आहे, गनस्मिथ लेथवर ती पुन्हा कापून देतो. बाकी सगळं चांगलं असेल तर त्याच्यावर भाव पाडून रायफल घ्यावी.

दुसरी नळीचा सरळपणा. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरा, दाराच्या चौकटीची आडवी कड समोर ठेवा आणि आत पडलेली सावलीची रेघ बघा. नळी हळू फिरवली तरी ती सरळ राहायला हवी.

तिसरी घसा, म्हणजे चेंबर संपून आटे सुरू होतात तो भाग. हा मागून साध्या उजेडात दिसत नाही, बोरस्कोप (नळीत घालायचा बारीक कॅमेरा) लागतो. हल्ली स्वस्त बोरस्कोप मिळतात, पण सावधान : स्क्रीनवर प्रत्येक नळी भयंकरच दिसते. कोल्ड हॅमर फोर्ज केलेल्या (थंड अवस्थेत ठोकून घडवलेल्या) नळ्यांत आडव्या बारीक रेघा दिसल्या तरी त्या उत्तम मारतात. घाबरायचं ते खड्ड्यांना, एकाच बाजूला राहिलेल्या रीमरच्या (भोक कापणाऱ्या हत्याराच्या) खोल ओरखड्यांना आणि घशात वाळलेल्या चिखलासारख्या तड्यांच्या जाळीला. .३०८ घसा लवकर खात नाही, त्यामुळे शिकारीत वापरलेल्या .३०८ मध्ये बहुधा झिजेपेक्षा गंजच सापडतो.

#६ दस्तुरखुद्द

दस्त्याबद्दल लिहितो, कारण "नळी वाईट" म्हणून परत केलेल्या रायफलींत बऱ्याचदा नळी निर्दोष असते आणि दोष बेडिंगमध्ये (लोखंड दस्त्यात बसवण्यात) असतो.

नळी आणि फोरएंडमध्ये (दस्त्याच्या नळीखालच्या पुढच्या भागात) डॉलरची नोट सरकवून रिसीव्हरपर्यंत नेऊन बघा. मग रायफल जशी टेकवाल तशी धरून फोरएंड नळीकडे दाबा आणि पुन्हा नोट सरकवा. इंजेक्शन मोल्डिंगचे स्वस्त दस्ते इथेच उघडे पडतात. नुसतं बघताना फट असते. बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावला किंवा स्लिंग ताणली की फोरएंड वाकून नळीला टेकतो. मग बाकावर एक नेम आणि झाडाला टेकवून दुसरा. काही जुन्या रायफलींत फोरएंडच्या टोकाशी मुद्दाम दाब ठेवलेला असतो. तो उंचवटा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर दोष नाही, एकाच अंगाला टेकत असेल तर लाकूड पिळलंय.

रिकॉइल लगचा (धक्का दस्त्याकडे पोचवणाऱ्या कोंबाचा) पत्ता लावा. होवात तो रिसीव्हरचाच भाग आहे आणि रिसीव्हरचा तळ सपाट आहे, म्हणून बेडिंग करायला ती सोपी. रेमिंग्टन ७०० मध्ये नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये दाबलेली चकती असते. टिक्कात लग वेगळा तुकडा असून दस्त्यात बसतो आणि रिसीव्हरची खाच त्यावर बसते. टी३ मध्ये तो अ‍ॅल्युमिनियमचा होता, टी३एक्समध्ये पोलादी केला. रुगर अमेरिकनमध्ये दस्त्यात व्ही आकाराचे पोलादी ठोकळे ओतलेले आहेत. चारही रचना चालतात. धक्का घेणारी मागची बाजू घट्ट आणि पूर्ण टेकलेली असली की झालं.

लाकडी दस्ता असेल तर टँगच्या (रिसीव्हरच्या मागच्या शेपटीच्या) मागे केसासारखी चीर आहे का बघा. टँगच्या मागे बारीकशी मोकळी जागा हवीच, टँग लाकडाला भिडला असेल तर प्रत्येक धक्क्याला तो पाचरीचं काम करतो आणि दस्ता तिथून फाटतो. मुठीपाशी रेषा दस्त्याच्या लांबीने धावायला हव्यात. तिथे त्या आडव्या कापल्या गेल्या असतील तर अक्रोड कितीही देखणा असो, पडल्यावर मोडणार तिथूनच.

घरी नेल्यावर : रायफल उभी धरा, एक बोट नळी आणि फोरएंडच्या सांध्यावर ठेवा आणि पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू (रिसीव्हर दस्त्याला जखडणारा) सैल करा. बोटाला उडी जाणवली तर रिसीव्हर ताणात बसलाय. डायल इंडिकेटर असेल तर ०.००२ इंचापर्यंत हालचाल चांगली, ०.००५ च्या पुढे गेली तर बेडिंग करून घ्या. स्क्रू कसताना टॉर्क रेंचच वापरा. नुसत्या लाकडी दस्त्यात ३५ ते ४५ इंच-पाउंड, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक असेल तर ६५ पर्यंत. कंपनीच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच पाळायचा.

#७ पाऊलवाट

कातारी, नळीवाला, दस्तुरखुद्द, मनापासून आभार. चापाबद्दल कोणी सांगेल का? आणि हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसाला लांबीत मिळणारी जागा) दुकानात तपासता येतो का?

#८ चापेकरी

चापाचं वजन (तो ओढायला लागणारा जोर) शेवटी बघा, सुरक्षितता आधी. रिकाम्या रायफलीवर, दुकानदाराला सांगून, या क्रमाने करा.

बोल्ट बंद, सेफ्टी लावलेली. चाप जोरात ओढा आणि सोडा. आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. फायरिंग पिन सुटली तर रायफल तिथेच ठेवा. सिअर आपल्या जागी परत आला नाही, असा त्याचा अर्थ. मग सेफ्टी काढलेली ठेवून बोल्ट चार-पाच वेळा झटक्याने बंद करा. पिन एकदाही पडता कामा नये. शेवटी कॉक अवस्थेत दस्त्याच्या तळव्यावर आणि रिसीव्हरच्या बाजूंवर हाताच्या मुठीने ठोका, तरीही पडता कामा नये.

वापरलेली रेमिंग्टन ७०० किंवा मॉडेल सेव्हन समोर आली तर सिरीयल नंबर तपासल्याशिवाय घेऊ नका. एक्समार्क प्रो चाप असलेल्या, १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये परत मागवल्या होत्या, कारण चाप न ओढता गोळी सुटण्याचा धोका होता. त्याआधीच्या चापांवरही खटले झाले आहेत. आधीच्या मालकाने काम करून घेतलं का, ते विचारा.

वजनाचं म्हणाल तर हरणाच्या शिकारीला अडीच ते साडेतीन पाउंड पुरे. थंडीत हातमोजे घालून त्याहून हलका चाप नको. वजनापेक्षा सरपट महत्त्वाची : ओढताना घासत, थांबत सरकत असेल तर नेम हलतो. जुन्या रायफलीचा चाप संशय यावा इतका हलका लागला तर कोणीतरी सिअरला कानस लावलीय असं समजा. सिअरचा कठीण थर पातळ असतो, तो गेला की आज सुरेख वाटणारा चाप पुढच्या वर्षी धरत नाही.

#९ कातारी

हेडस्पेसचं मी सांगतो. हे गेज म्हणजे चेंबरमध्ये घालून बघायचे नेमक्या मापाचे पोलादी तुकडे. .३०८ च्या गो गेजची लांबी १.६३० इंच, नो-गोची १.६३४, फील्डची १.६३८. गोवर बोल्ट बंद व्हायलाच हवा, नो-गोवर होऊ नये. वापरलेल्या रायफलीत नो-गोवर बंद झाला आणि फील्डवर नाही, तर ती तांत्रिकदृष्ट्या चालते. पण नळी नवी असून असं होत असेल तर घेऊ नका. तपासताना बोल्टमधून फायरिंग पिनचा संच आणि शक्य असेल तर इजेक्टर (केस बाहेर फेकणारा भाग) काढा, मूठ फक्त बोटांच्या जोराने खाली आणा. जोर लावलात तर गेज चेंबरला दाबून खोटं उत्तर देतं. बरेच गनस्मिथ गेज ठेवतात, थोड्या पैशांत करून देतात.

सॅव्हेज ११० दिसली तर नळीच्या मुळाशी असलेला नट बघा. १९५८ पासून ही रचना आहे. नटामुळे हेडस्पेस घरीही बसवता येतो, आणि म्हणूनच वापरलेल्या सॅव्हेजमध्ये गेज लावणं सक्तीचं समजा. नटाच्या खाचा चेपलेल्या असतील तर कोणीतरी नळी बदललीय.

पहिल्या गोळीबारानंतर रिकाम्या केसेस फेकू नका. प्रायमरवरचा (केसच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवरचा) ठसा मध्यभागी हवा. केसच्या बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसलं तर सरळ केलेल्या पेपरक्लिपचं टोक वाकवून केसच्या आतून फिरवा. खाच लागली तर केस ताणली जातेय, गोळीबार थांबवा.

#१० खडकमाळ

फीडिंगचं (मॅगझिनमधून काडतूस चेंबरमध्ये जाण्याचं) राहिलं. पाऊलवाट, डमी काडतुसं सोबत न्या, तीही खऱ्या वजनाची. हलकी प्लास्टिकची वेगळी वागतात. मॅगझिन पूर्ण भरून एकदा हळू आणि एकदा झपाट्याने सगळी चालवा. डावीकडून येणारं आणि उजवीकडून येणारं काडतूस वेगवेगळं तपासा, अडतं ते बहुधा एकाच बाजूचं. शेवटचं काडतूस नाक वर करून उभं राहत असेल तर फॉलोअर (काडतुसं वर उचलणारी पट्टी) किंवा स्प्रिंगचा दोष.

सुटं मॅगझिन असेल तर बोल्ट बंद ठेवून पूर्ण भरलेलं मॅगझिन खालून बसवून बघा. नाही बसलं तर जंगलात एक काडतूस कमी भरावं लागेल. प्लास्टिक मॅगझिन असणं हा दोष नाही, त्याचा खटका ज्या दांड्यावर अडतो तो पातळ असेल तर आहे.

माझं मत क्लॉ एक्स्ट्रॅक्टरच्या (केसची कड पकडून ओढणाऱ्या लांब आकड्याच्या) बाजूने आहे. काडतूस मॅगझिनमधून सुटल्याक्षणी बोल्टच्या पकडीत येतं, अर्ध्यावर मागे ओढलं तरी दोन काडतुसं एकमेकांवर चढत नाहीत.

#११ कातारी

खडकमाळ, रचना उत्तम, पण ती नीट जुळवायला हातकाम जास्त लागतं. घाईने बनवलेल्या क्लॉपेक्षा नीट बनवलेला पुश फीड (काडतूस न पकडता नुसतं पुढे ढकलणारा) बोल्ट चांगला. हरणाच्या शिकारीला दोन्ही पुरतात. एक खबरदारी : क्लॉच्या बऱ्याच रायफलींत काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून त्यावर बोल्ट बंद करू नये, एक्स्ट्रॅक्टरचं टोक तुटू शकतं. ते मॅगझिनमधूनच द्यायचं.

#१२ पाऊलवाट

इथे एका दुकानात मॉडेल ७० आहे, .३०८, क्लॉ असलेली. दुकानदार "६४ च्या आधीची" म्हणतो आणि भावही तसाच सांगतो. खात्री कशी करायची?

#१३ जुनाबाजार

नुसत्या क्लॉवरून ठरत नाही. मॉडेल ७० ची सुरुवात १९३६ ची. १९६४ मध्ये खर्च कमी करायला पुश फीड आणला, आणि १९९२ मध्ये क्लासिक नावाने क्लॉ परत आला. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला, त्यानंतर दक्षिण कॅरोलायनातून पुन्हा निघाल्या त्याही क्लॉसह. म्हणून सिरीयल नंबर बघा : ७,००,००० च्या खालचा असेल तर ६४ पूर्वीची. .३०८ या रायफलीत १९५२ मध्ये फेदरवेट या हलक्या आवृत्तीसोबत आलं, तेव्हा हातातली रायफल जाड नळीची असेल तर नळी बदललीय का ते तपासा.

पुन्हा ब्लूइंग झालंय का ते कडांवरून कळतं. पॉलिशच्या चाकावर धरलेल्या रायफलीच्या कडा गोलावतात, कोरलेली अक्षरं फिकट होतात आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. संग्राहकाच्या भावात अशी रायफल घेऊ नका, शिकारीच्या भावात मिळाली तर उत्तम. स्क्रूंच्या खाचा चिघळलेल्या असतील तर उघडून काय केलंय ते विचारा. आणि जमलं तर दस्ता उतरवून लाकडाच्या रेषेखालची नळी बघाच. ओली रायफल पेटीत ठेवली की गंज तिथे धरतो, वरून काही दिसत नाही.

#१४ नळीवाला

दुर्बीण बसवताना लागणारी एक गोष्ट. पुढच्या बेसचा (दुर्बिणीच्या रिसीव्हरवरच्या बैठकीचा) स्क्रू लांब असेल तर तो आत जाऊन लगांच्या मार्गात येतो किंवा नळीच्या रिसीव्हरमध्ये कसलेल्या मुळाच्या आट्यांवर टेकतो. बेस लावल्यावर बोल्ट अचानक जड झाला तर आधी तो स्क्रू काढून बघा. ६-४८ मापाच्या बेस स्क्रूंना २० इंच-पाउंडच्या आसपास, रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ पुरे. झीरो करताना (दुर्बिणीचा नेम गोळीशी जुळवताना) आडव्या समायोजनाचा जवळजवळ सगळा पल्ला एकाच बाजूला खर्च झाला तर रिसीव्हरवरची भोकं नळीच्या रेषेत नाहीत. नवी असेल तर हे वॉरंटीतलं काम आहे, दुर्बीण बदलून सुटत नाही.

#१५ सातपुडा

भारतातल्या वाचकांसाठी थोडं. इथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. परवान्यावर मिळणारी नेहमीची बोल्ट रायफल म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५. ती ली-एनफील्डच्या वळणाची, लग पुढे नसून बोल्टच्या मागच्या भागात आहेत, त्यामुळे कातारींची लगांची तपासणी तिथे करायची. काडतूस रिमचं (बुडाशी बाहेर आलेल्या कडेचं) आहे, म्हणून हेडस्पेस रिमवर ठरतो; .३०८ ची गेजं इथे निरुपयोगी. काडतुसं भरताना एकाची रिम दुसऱ्याच्या मागे अडकते का ते बघा, आणि रिसीव्हरच्या मागच्या बाजूला लाकूड आकसून फट पडलीय का तेही. धक्का तिथेच झेलला जातो.

#१६ चापेकरी

अमेरिकेतल्यांसाठी कायद्याची एक ओळ. एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायलाही मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद आहे. तो हातात आल्याशिवाय रेंजवर भाड्याची रायफलही धरू नका. ग्रीन कार्डवर ही अडचण नाही. राज्यांचे नियम वेगळे : शेजारच्या न्यू जर्सीत हरणासाठी सेंटरफायर रायफल चालत नाही, तेव्हा तिकडेही जायचा विचार असेल तर हे हत्यार तिथे कामाचं नाही.

#१७ पाऊलवाट

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचा प्रश्न. घेतल्यावर परत करायची की ठेवायची, हे किती गोळ्यांत ठरवावं?

#१८ दस्तुरखुद्द

कमीत कमी २० गोळ्या, एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) काडतुसं, १०० यार्ड, आणि दर पाच गोळ्यांनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. तीन गोळ्यांच्या एका गटावर निकाल देऊ नका. चांगला गट नशिबाने येतो आणि वाईटही. चारही गट एकाच कागदावर घ्या, म्हणजे आकार दिसतो. गोळ्या उभ्या रांगेत चढत गेल्या तर फोरएंड टेकतोय किंवा नळी तापून सरकतेय. दोन वेगळे पुंजके पडले तर अ‍ॅक्शन स्क्रू, बेस किंवा दुर्बीण सैल आहे, ते कसून पुन्हा मारा. सगळीकडे सारखा पसारा असेल तर आधी दुसरं काडतूस वापरून बघा. १५० ग्रेन वजनाची गोळी न आवडणारी नळी १६५ ग्रेनची सुरेख मारते.

तुमच्या अंतराला पाच गोळ्या दीड इंचात बसल्या तर रायफल ठेवा. काही कंपन्या त्याहून घट्ट हमी देतात, जसं वेदरबी व्हॅनगार्डवर १०० यार्डांवर तीन गोळ्या ०.९९ इंचाच्या आत. ती रायफल होवाच्याच अ‍ॅक्शनवर बनते, तेव्हा तुमच्या यादीत होवा असेल तर शेजारच्या रॅकवरची व्हॅनगार्डही हातात घेऊन बघा.